डोलकाठीचा आवाज

आमच्या खोलीत बोलायचं काम माझ्याकडे होतं आणि गप्प बसायचं मौनीकडे. ही वाटणी कुणी केली नव्हती, आपोआप झाली. मला सगळं वसतिगृह ‘गिरणी’ म्हणायचं, कारण सकाळी डोळे उघडले की तोंड जे सुरू व्हायचं ते दिवा मालवेपर्यंत. शेजारच्या खोलीतली मुलं वैतागून भिंतीवर बूट आपटत. मौनीनं मात्र कधी तक्रार केली नाही. करणार कशी? ‘गप्प बस’ एवढं म्हणायला त्याला जेवढा वेळ लागला असता तेवढ्यात मी आणखी दोन विषय हातावेगळे केले असते.

मौनी बोलताना अडखळायचा. अडखळायचा म्हणजे थोडंथोडकं नाही. अरुंद दारात पलंग अडकावा तसं पहिलं अक्षर तोंडात अडकायचं, ना आत ना बाहेर. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आणि समोरचा माणूस दया येऊन स्वतःच वाक्य पुरं करून टाकायचा, तेही बहुधा चुकीचं. वर्गात हजेरीला तो नुसता हात वर करी. दुकानात बोटानं दाखवी. भटारखान्यातला आचारी चहात साखर ओतायचा, ती ‘कमी’ म्हणायचं राहून गेलं म्हणून पठ्ठ्यानं वर्षभर पाकासारखा चहा गोड मानून घेतला. मला हे कळलं तेव्हा मी आचाऱ्याला जाऊन सांगितलं, पण तोवर मौनीला गोड चहाची सवय लागली होती. झालं, पुन्हा माझ्यावरच रुसला.

तसे दिवस मजेत चालले होते. विजेचे दिवे कॉलेजात नुकतेच आले होते, तेही मोठ्या सभागृहापुरते. आमच्या खोल्यांत कंदीलच. दुपारी प्रयोगशाळा, संध्याकाळी चेंडू. चेंडू भिजला की दगडासारखा लागायचा, तरी डोकं पुढे करणारे शूर होतेच. आणि शनिवारी जेवण झालं की जेवणघरातली लांब टेबलं भिंतीला लावून करमणुकीची बैठक. रेक्टरसाहेब आपला कर्ण्याचा ग्रामोफोन द्यायचे. त्याबरोबर तबकडी एकच, आणि तिला तडा गेलेला. गाणारी बाई एका ठिकाणी आली की तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहायची आणि मग कुणीतरी तिला कोपरानं ढोसून पुढे ढकलायचं. कुणी कंगव्याला कागद लावून वाजवायचा, कुणी पत्त्यांची जादू करायचा आणि ती दरवेळी फसायची. फसली की टाळ्या जास्त.

या बैठकीचा राजा पुढे मौनी झाला, आणि त्याला शोधून काढला मी. ही फुशारकी मी आयुष्यभर मारणार आहे.

झालं असं, की एका सकाळी मी साबण घेऊन न्हाणीघराच्या बाहेर उभा होतो आणि आतून आचारी ओरडला, “ताटं इकडे! सांडलं तर परत मिळणार नाही, सांगून ठेवतो!” मी चक्रावलो. आचारी आमच्या न्हाणीघरात? तेवढ्यात आतून रेक्टरसाहेब घसा खाकरून म्हणाले, “सभ्य माणसं जिन्यावरून धावत नाहीत.” मग दार उघडलं आणि पंचा गुंडाळलेला एकटा मौनी बाहेर आला. मला बघून तो असा लाल झाला की मला वाटलं, पाणी फार कढत होतं.

“अरे, हे तू बोलत होतास?” मी विचारलं.

“ह... ह... ह...” एवढंच. मी थांबलो नाही, माझा स्वभावच नाही. म्हटलं, “तोच आवाज काढून सांग.”

मौनीनं खांदे मागे टाकले, हनुवटी वर केली आणि रेक्टरसाहेबांच्या आवाजात, एकही अक्षर न अडता म्हणाला, “मला विचाराल तर, हे बोलणं माझं नव्हेच. अडकलं तर ते अडकतील. मी कशाला अडकू?”

त्या शनिवारी मी त्याला अक्षरशः ओढत जेवणघरात नेला. पहिल्यांदा रेक्टर झाले, मग प्रिन्सिपॉल, मग आचारी. आचारी स्वतः पळी हातात घेऊन दारात उभा होता, तो हसून हसून खाली बसला. आणि शेवटी झाली डोलकाठी.

डोलकाठी म्हणजे आमचे पदार्थविज्ञानाचे प्रोफेसर. ताडमाड उंच, किडकिडीत, आणि बोलताना गलबताच्या डोलकाठीसारखे सारखे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. प्रत्येक वाक्याच्या आधी बोटानं टेबलावर एक टिचकी. मग पहिलं अक्षर लांब ताणायचं: “तऽऽर मंडळी, हऽऽवेला वजन असतं.” आवाज मोठा, खोल, विहिरीतून आल्यासारखा. नवीन मुलं पहिल्या दिवशी पुस्तकात तोंड खुपसून हसत. प्रोफेसरांना ते दिसायचं, पण कधी रागावले नाहीत. शिकवायचे मात्र असं, की मठ्ठातल्या मठ्ठालाही समजावं. मला समजायचं, यावरूनच ओळखा.

मौनीची डोलकाठी इतकी हुबेहूब व्हायची की अंधारात ऐकली तर मुलं उठून उभी राहिली असती. दर शनिवारी ‘डोलकाठी, डोलकाठी!’ असा ओरडा व्हायचा. रविवारी मौनी पुन्हा आपला मौनी, साखरेचा चहा ढवळत बसलेला.

हे सगळं असंच गोडीत चाललं असतं, पण शेवटचं वर्ष संपत आलं आणि तोंडी परीक्षा समोर उभी राहिली.

आमच्याकडे पदार्थविज्ञानाची तोंडी परीक्षा बाहेरचा परीक्षक घ्यायचा. त्यात नापास तो विषयात नापास. मौनी माझ्या एक वर्ष पुढे होता; गेल्या वर्षी तो परीक्षकासमोर खांबासारखा उभा राहिला होता. येत सगळं होतं, निघालं काही नाही. परीक्षकानं त्याला ढ समजून बाहेर काढलं. यंदा पुन्हा तेच झालं तर कॉलेजातून नाव कमी होणार होतं.

आणि यंदा तर दैवानं त्याच्यासमोर ताट वाढून ठेवलं होतं. टेकडीवरच्या वेधशाळेचे प्रमुख आमची प्रयोगशाळा पाहायला आले होते. त्यांनी मौनीचा हात पाहिला. हवेच्या भारमापकातला पारा केसाएवढा हलला तरी त्याला दिसायचा. ते म्हणाले, “मला असाच माणूस हवा आहे. पास होऊन या, जागा ठेवतो.” काम काय, तर पारा बघायचा, पाऊस मोजायचा, ढगांचा रंग-आकार लिहून ठेवायचा. दिवसभरात एक शब्द बोलायची गरज नाही! मौनी त्या रात्री आनंदानं झोपला नाही आणि मला मात्र कधी नव्हे ते गप्प बसावं लागलं, कारण तो खिडकीत उभा राहून ढग बघत होता.

त्याचे वडील घड्याळजी. भेटायला आले तेव्हा त्यांच्या कपाळावर भिंगाचा पट्टा तसाच होता. काढायला विसरले होते. माणूस फार मायाळू. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नकोस हो, बाळ. दुकान आहेच. मी आत घड्याळं दुरुस्त करीन, तू पुढे बसून गिऱ्हाइकांशी बोल.”

मौनीचा चेहरा असा उतरला, जणू त्याला फाशीच सुनावली. वडिलांना ते कळलं नाही. त्यांनी पिशवीतून सफरचंदं काढून आम्हाला दिली आणि ते आनंदात गेले.

मग मी डोकं चालवलं. “मौनी, आपल्या आवाजात येत नाही ना? मग दुसऱ्याच्या आवाजात दे परीक्षा! परीक्षक परका माणूस. त्याला काय माहीत तुझा खरा आवाज कुठला?”

मौनीनं आधी मान हलवली, मग विचार केला, मग हळूच रेक्टरसाहेबांसारखी हनुवटी वर केली. आमची तालीम सुरू झाली. मी परीक्षक झालो, नाकावर चष्मा ठेवला आणि विचारलं, “प्रकाशाचं परावर्तन म्हणजे काय?”

रेक्टरसाहेब म्हणाले, “प्रकाश ठरलेल्या वेळी मालवला गेलाच पाहिजे.”

“अरे, उत्तर दे की!”

मौनीनं हताश होऊन हात पसरले. अभ्यासाचं विचारलं की उत्तरही त्या आवाजाच्या माणसाचंच यायचं, हे आमच्या तेव्हा ध्यानात आलं. आचाऱ्याला विचारलं, पाणी कधी उकळतं? आचारी म्हणाला, “बुडबुडे आले की उकळलं. त्यात मोजायचं काय, डोंबल?” प्रिन्सिपॉलना गुरुत्वाकर्षण विचारलं, तर त्यांनी मला शिस्तीवर भाषण ऐकवलं. मी हसून हसून गादीवर लोळलो, पण मौनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग मी उठून बसलो.

“डोलकाठी,” मी म्हटलं. “डोलकाठीशिवाय गत्यंतर नाही.”

आणि डोलकाठीच्या आवाजात, महाराजा, सगळं आलं! परावर्तन आलं, उष्णता आली, पुस्तकात नसलेले दाखलेसुद्धा आले. प्रश्न एकच होता, खुद्द डोलकाठी त्या खोलीत असली तर? पण गेल्या वर्षी परीक्षेला ती नव्हती. मौनीनं स्वतः पाहिलं होतं, परीक्षक एकटाच होता. म्हणजे रीतच तशी असणार. आम्ही दोघं निश्चिंत झालो. विचारायला हवं होतं, पण जो बोलत नाही तो विचारत नाही, आणि जो फार बोलतो त्याला विचारायचं सुचत नाही.

परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेत स्पिरिटचा आणि घासलेल्या पितळेचा वास भरला होता. भिंतीला लागून बाक, त्यावर आम्ही क्रमानं बसलेलो. मौनीनंतर माझा नंबर. टेबलामागे परीक्षक होते, गुटगुटीत, घाईतले, दर थोड्या वेळानं खिशातलं घड्याळ काढून बघणारे. आणि त्यांच्या शेजारी, खिडकीपाशी, लांब पाय टेबलाखाली दुमडून बसलेली डोलकाठी.

पलीकडच्या मुलाला मी कुजबुजत विचारलं, तर तो म्हणाला, “म्हणजे काय? ते दरवर्षीच असतात. गेल्या साली तेवढे आजारी होते.”

मौनीचं नाव पुकारलं गेलं. तो उठला, आणि त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही आठवते. मी काय करणार?

“दव कसं पडतं?” परीक्षकांनी विचारलं.

मौनीनं प्रामाणिकपणे प्रयत्न केला. आपल्याच आवाजात. “ह... ह... ह...” मान ताठ झाली. बाकावर कुणीतरी चुळबुळलं. परीक्षकांनी घड्याळ काढलं, मिटलं, पुन्हा काढलं. “येत नसेल तर नाही म्हणा, काही हरकत नाही,” ते म्हणाले आणि लेखणी शाईत बुडवली. मला टेकडी दिसली, तिच्यावरचा पारा दिसला, आणि मग दुकानाच्या फळीमागे गिऱ्हाइकांसमोर डोळे मिटून उभा असलेला माझा मित्र दिसला.

तेवढ्यात टेबलावर एक टिचकी वाजली.

मौनीचे डोळे अजून मिटलेलेच होते. तो डावीकडे झुकला, मग उजवीकडे. “तऽऽर मंडळी,” विहिरीतून आल्यासारखा आवाज घुमला, “हऽऽवेचं पोट गरम असताना मोठं असतं. त्यात पाण्याची वाफ पुष्कळ मावते. हीच हऽऽवा गार झाली, की पोट आक्रसतं. मऽऽग न मावलेलं पाणी ती गार पानावर, गार काचेवर टाकून देते. ज्या उष्णमानाला तिला हे टाकावं लागतं, तो दवबिंदू.”

परीक्षकांची लेखणी हवेतच राहिली होती आणि शाईचा थेंब त्यांच्या बाहीवर पडला. त्यांनी मौनीकडे पाहिलं, डोलकाठीकडे पाहिलं, पुन्हा मौनीकडे पाहिलं. सकाळपासून ते हाच आवाज शेजारी ऐकत होते.

“प्रोफेसर!” ते तांबडेलाल झाले. “हा तुमच्या तोंडावर तुमची नक्कल करतोय!”

डोलकाठीनं टेबलावर टिचकी मारली. “उऽऽत्तर चुकलं का?”

“उत्तर... उत्तर बरोबर आहे. पण ही काय पद्धत झाली?”

“मऽऽग पुढचा प्रश्न विचारा.”

परीक्षकांनी विचारला, आणि जरा मुद्दाम अवघडच विचारला. आकाश ढगाळ असलं की दव का पडत नाही? मौनी डुलला. “ढऽऽग म्हणजे पांघरूण, मंडळी. जमिनीची ऊब त्याखालून निसटत नाही. जऽऽमीन गार झालीच नाही, तर दव बिचारं पडणार कुठे?” मग भारमापक विचारला. मग प्रकाश. एकही उत्तर चुकलं नाही, एकही अक्षर अडलं नाही. एकदा तर टेबलावर दोन टिचक्या एकदमच वाजल्या, एक याची, एक त्यांची. मी तोंडात रुमाल कोंबला.

शेवटी परीक्षकांनी लेखणी ठेवली. “उत्तरांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गुरूची अशी थट्टा करणाऱ्याला पास करायचं की कॉलेजातून काढायचं, ते तुम्ही ठरवा. मी जरा चहा घेऊन येतो.” आणि बूट वाजवत ते निघून गेले.

डोलकाठीनं बाकावरच्या मुलांना बाहेर जायची खूण केली. मीही उठलो. “तूऽऽ थांब, गिरणी. यात तुझं डोकं असणार.”

माझं टोपणनाव त्यांना ठाऊक आहे हे मला त्या क्षणी कळलं. म्हणजे त्यांचंही त्यांना ठाऊक असणार. मी खाली बसलो.

“तुझ्या आवाजात सांग,” ते मौनीला म्हणाले. “हे काऽऽय आहे?”

मौनीनं तोंड उघडलं. “म... म... म...” मी सवयीनं त्याचं वाक्य पुरं करायला गेलो, तर डोलकाठीनं नुसती माझ्याकडे पाहून हात वर केला. मी ओठ मिटले. ते थांबले. घड्याळ बघितलं नाही, खिडकीबाहेर बघितलं नाही, दया आल्यासारखा चेहरा केला नाही. मौनीकडे बघत नुसते थांबले, जणू त्यांना दुसरं कामच नव्हतं. मी तीन वर्षं त्याच्या खोलीत राहिलो, पण इतका वेळ त्याच्यासाठी मी कधी थांबलो नव्हतो.

“म... मला... ब... बोलता येत नाही, सर,” शेवटी मौनी म्हणाला. “थ... थ... थट्टा नव्हती.”

डोलकाठी उठली. खुर्ची मागे सारून ते सरळ उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागे बांधले, टेबलापासून दूर. आणि डुलणं थांबलं. त्यांना असं स्थिर उभं राहिलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि मला वाटलं, आता मौनीचं काही खरं नाही.

“म... म... म...” ते म्हणाले.

मला वाटलं, ते मौनीला चिडवतायत. मला इतका राग आला की मी उठून उभा राहिलो. पण त्यांची मान ताठ झाली होती, डोळे मिटले होते. कपाळावर शीर आली होती. हे कुणालाही मुद्दाम करता येत नाही. मी रोज बघत होतो, मला माहीत होतं.

“म... मलाही नाही येत,” डोलकाठी म्हणाली. आवाज विहिरीतला नव्हता. साधा, पातळ, एखाद्या घाबरलेल्या पोराचा असावा तसा होता. “ल... ल... लहानपणापासून. तो आ... आवाज माझ्या मास्तरांचा. मी त... तुझ्याएवढा असताना उ... उचलला. त... तुला हवा तर ठ... ठेव.”

मौनी त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि तोंडावर मात्र हसू. “स... स... सर,” तो म्हणाला, आणि डोलकाठी थांबली. मग डोलकाठी म्हणाली, “व... व... वेधशाळेत व... वारा फार असतो, ग... गरम कपडे ने,” आणि मौनी थांबला. दोघं असे बोलत होते, आणि जेवढ्या वेळात मी अख्खं नाटक म्हणून दाखवलं असतं तेवढ्यात त्यांची चार वाक्यं झाली. मला ती संपू नयेत असं वाटत होतं.

बाहेर बूट वाजले. परीक्षक चहा घेऊन परत आले. डोलकाठीनं अंगात कोट चढवावा तसे खांदे हलवले, डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, टेबलावर टिचकी मारली.

“पाऽऽस आहे हा. पहिल्या वर्गात.”

परीक्षकांनी खांदे उडवले आणि लिहून टाकलं. मौनी जाताना माझा खांदा इतक्या जोरात दाबून गेला की दोन दिवस दुखत होता.

“तऽऽर मंडळी, पुढचा कोण?” डोलकाठीनं विचारलं. पुढचा मीच होतो. मी टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. परीक्षकांनी मला अगदी सोपं विचारलं, पोरासोरांना येईल असं. मला उत्तर येत होतं. पण मघाचं त्या दोघांचं बोलणं अजून कानांत होतं; तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, काही केल्या, पहिलं अक्षरच बाहेर पडेना.

परीक्षकांनी खिशात हात घातला. डोलकाठीनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि घड्याळ आतच राहू दिलं.

“सावकाश,” ते मला म्हणाले. “आम्ही थांबतो.”